त्यांचं कोण करतं?

आमच्याकडं एखादं म्हातारं माणूस अंथरुणाला लागलं आणि कुणी भेटायला आलं, की दारात चप्पल काढता काढता तो पाहुणा हलक्या आवाजात एकच विचारतो, "त्यांचं कोण करतं?" डॉक्टर कोणता, औषध काय, खर्च किती, हे सगळं चहा झाल्यावर.

या 'करतं'ला कर्म नाही. व्याकरणाच्या मास्तरांना ते खटकेल, पण विचारणाऱ्याला आणि सांगणाऱ्याला पक्कं माहीत असतं की त्यात काय काय आलं. सकाळी तोंड धुऊन देणं, कूस बदलणं, भाकरी दुधात कुस्करून भरवणं, धोतर सोडणं, नेसवणं, हगणंमुतणं काढणं, रात्री तीनदा उठणं, आणि एवढं करून त्या माणसाची चिडचिड ऐकून घेणं. परिचर्या, शुश्रूषा, सेवा असे भारदस्त शब्द मराठीत आहेत. सेनगाव तालुक्यातल्या गोरेगावात ते मी कुणाच्या तोंडून ऐकले नाहीत. तिथं उत्तर येतं ते असं: "कोण करणार? म्हातारीच करते की." आणि कधीमधी, आवाज आणखी खाली आणून, "म्हाताराच करतो तिचं."

ही पुस्तिका त्या उत्तराबद्दल आहे. साठी-सत्तरी ओलांडलेल्या ज्या नवऱ्याचं किंवा बायकोचं शरीर साथ देईनासं झालं, आणि ज्यांचं 'करायला' घरात दुसरं तेवढंच म्हातारं माणूस उरलं, अशा जोडप्यांसाठी ती केली आहे. कूस कशी बदलावी, जखमा होऊ नयेत म्हणून काय पाहावं, कोणता कागद कुठं लागतो, हे आतल्या पानांत सोप्या भाषेत आहे. त्यातलं मी इथं पुन्हा सांगत बसत नाही. मला सांगायचं आहे ते त्या पानांच्या मागं उभं असलेलं घर.

गोरेगाव म्हटलं की महाराष्ट्राला लोकलचं स्टेशन आठवतं. हे ते नव्हे. १ मे १९९९ रोजी परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला, त्यातल्या पाच तालुक्यांपैकी सेनगावातलं हे गाव. सोयाबीन, तूर, हळद, कापूस. पाऊस लागला तर पीक, नाहीतर कर्ज. वाशीम जिल्ह्याची हद्द इथून लांब नाही. म्हणून दवाखान्याला काही जण हिंगोलीला जातात, काही वाशीमला, आणि पैसा व आशा दोन्ही शिल्लक असतील तर नांदेडला. नोव्हेंबर २०२३ मध्ये याच गावचे काही शेतकरी, कर्ज फेडायला आमचे अवयव विकत घ्या, असं म्हणत मुंबईपर्यंत गेले. किडनीचा, लिव्हरचा, डोळ्यांचा दर त्यांनी ठरवला होता आणि तो वर्तमानपत्रांत छापून आला. ती बातमी मी अनेकदा वाचली. शरीराच्या त्या दरपत्रकात पाठीचा दर नव्हता. एका म्हाताऱ्या बाईनं दुसऱ्या म्हाताऱ्या माणसाला दिवसातून आठ-दहा वेळा उचलायचं, त्या पाठीला किती लावायचे, हे कुणी विचारलेलं नाही.

बहुतेक घरांत गोष्ट एकाच वाक्यानं सुरू होते: "अंगावरून वारं गेलं." पुस्तकी मराठीत अर्धांगवायू. तिथंही वायू आहे, गावातही वारंच आहे. आयुर्वेदाचा वात असा खेड्यातल्या बोलीत टिकून राहिला. पण खरा घोटाळा मेंदूतल्या रक्तवाहिनीत होतो. ती तुंबते किंवा फुटते, आणि बहुतेक वेळा त्यामागं वर्षानुवर्षं न मोजलेला रक्तदाब असतो. गडचिरोलीत 'सर्च' संस्थेच्या संशोधकांनी ८६ गावांतल्या मृत्यूंचा अभ्यास करून २०१५ साली दाखवून दिलं की तिथं सातातला एक मृत्यू या मेंदूच्या झटक्यानं होतो. शहरी, सुखवस्तू माणसांचा समजला जाणारा हा आजार खेड्यात असा ठाण मांडून बसलेला आहे. त्या अभ्यासात मेलेले मोजले होते. जे वाचतात आणि एका बाजूनं लुळे होऊन घरी येतात, ते आपल्या बाजेवर येतात. रक्तवाहिनी गुठळीनं तुंबली असेल तर ती विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, तेही डोक्याचा स्कॅन करून. शेतातून घरी, घरून कुणाच्या तरी सांगण्यावरून लकव्याचं झाडपाल्याचं औषध देणाऱ्याकडं, आणि तिथून दुसऱ्या दिवशी दवाखान्यात, असा प्रवास होतो तेव्हा त्या साडेचार तासांचं नावही कुणी काढत नाही. हिंगोलीला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालं. त्याचा उपयोग पुढच्यांना होईल. ज्यांच्या अंगावरून वारं आधीच जाऊन आलं आहे, त्यांच्यासाठी घर आहे, बाज आहे आणि बायको आहे.

एक घर सांगतो. नाव सांगत नाही, कारण तसं घर प्रत्येक गल्लीत आहे. सत्तरीचे आबा, उजवी बाजू गेलेली. उजवी बाजू गेली की पुष्कळदा वाचाही जाते, तशी त्यांचीही गेली. शिवी तेवढी शाबूत राहिली, असं आजी हसून सांगतात. (डॉक्टर सांगतात की असं होतं. रागाचे, सवयीचे शब्द मेंदू वेगळ्या वाटेनं बोलतो.) हाक मारता येत नाही म्हणून आजींनी बाजेच्या डाव्या खुराला बैलाच्या गळ्यातली घुंगुरमाळ बांधली. बैल विकला, माळ राहिली होती. डाव्या हातानं आबा ती हलवतात. एकदा हलवली तर पाणी, दोनदा हलवली तर लघवी, आणि जोरात, थांबता थांबेना अशी वाजली तर राग. प्लास्टिकच्या खुर्चीचं बूड तापवलेल्या सुरीनं गोल कापून खाली पाटी ठेवायची, हा त्या घरचा कमोड. संडास आहे, सरकारी योजनेतला, पण तो उकिडवं बसायचा. ज्याचे गुडघे वळत नाहीत त्याला तो असून नसल्यासारखा. आढ्याला बांधलेल्या जुन्या लुगड्याच्या पट्ट्याला धरून आबा अर्धवट उठतात, उरलेलं आजी उठवतात. त्या असतील पंचेचाळीस किलोच्या. आबा साठाच्या खाली नाहीत.

मी विचारलं, पोरं? दोन्ही बाहेर. एक पुण्याला कंपनीत, दुसरा दिवाळीनंतर ऊसतोडीला. "पोरायला कशाला तरास," आजी म्हणाल्या. "त्यायनं मुकादमाची उचल घेतली, आपली उचल आपल्याला."

हा श्लेष त्यांनी मुद्दाम केला असं मला वाटत नाही. उचल म्हणजे हंगामापूर्वी मुकादमाकडून घेतलेली आगाऊ रक्कम, जी फिटेपर्यंत फडातून सुटका नाही. आणि उचल म्हणजे हे, रोजचं, बाजेवरून खुर्चीवर आणि खुर्चीवरून बाजेवर. ऊसतोडीच्या हिशेबात आणखी एक शब्द आहे. 'कोयता' म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. नवरा ऊस तोडतो, बायको मोळी बांधते, डोक्यावर घेऊन गाडी भरते, आणि मजुरी लागते ती दोघांची मिळून एका कोयत्याची. बाईची वेगळी मजुरी लिहिली जात नाही हा त्यातला अन्याय आहेच, आणि त्यावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. पण या हिशेबात एक खरी गोष्ट नकळत मान्य केलेली आहे: या दोन शरीरांचं काम वेगळं काढता येत नाही. एक मोडलं की दुसरंही बसलं. म्हातारपणी ते आणखी खरं होतं. तरी आपले फॉर्म, आपली सर्वेक्षणं, आपला दवाखान्याचा केसपेपर सगळं एकेका माणसाचं निघतं. केसपेपर आबांच्या नावावर आहे. त्यावर आजींच्या पाठीचा, झोपेचा, रक्तदाबाचा रकाना नाही.

मोजण्याची गोष्ट निघाली म्हणून थोडं आकड्यांकडं वळतो, फार नाही. २०११ च्या जनगणनेत साठीच्या पुढच्या शंभरातले जेमतेम पाच जण अपंग म्हणून नोंदले गेले. पुढं २०१७-१८ साली मुंबईच्या देवनारच्या लोकसंख्या विज्ञान संस्थेनं देशभरात वृद्धत्वाचा मोठा अभ्यास सुरू केला. ४५ वर्षांवरचे सुमारे ७२ हजार लोक त्यात होते. तिथं 'तुम्ही अपंग आहात का' एवढ्यावर न थांबता अंघोळ, कपडे घालणं, खाणं, अंथरुणातून उठणं, घरात चालणं, संडासला जाणं यांतलं काय जड जातं, हेही विचारलं. तेव्हा साठीपुढच्या साधारण चौघांतल्या एकानं निदान एक तरी गोष्ट जड जाते असं सांगितलं. या दोन आकड्यांच्या मधे जी माणसं राहतात ती सरकारदरबारी धडधाकट आहेत. घरात त्यांचं कुणीतरी करत असतं. ते कुणीतरी कोण, याचाही अंदाज जनगणनेतून निघतो. साठीपुढच्या पुरुषांपैकी सुमारे ८२ टक्के विवाहित, म्हणजे बायको हयात. बायकांमध्ये जवळपास निम्म्या विधवा. नवरा वयानं मोठा असतो, आधी थकतो, आधी जातो. ती त्याचं करते, आणि तिची वेळ येते तेव्हा करणारा नसतो. हा हिशेब त्या सगळ्याजणींना तोंडपाठ आहे. "माझं कोण करील" हे वाक्य मी ज्या घरांत गेलो त्यांतल्या एकाही घरात न ऐकता बाहेर पडलो नाही.

मग आपल्याला हे दिसत का नाही? मला वाटतं, गोष्टींमुळं. म्हाताऱ्या माणसाची काळजी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढं मुलगा उभा राहतो. पुंडलिक आईबापांचे पाय चेपत बसला आणि दारात आलेल्या विठोबाला त्यानं वीट फेकून थांबवलं. ती वीट अख्ख्या महाराष्ट्राचं दैवत झाली. श्रावणबाळानं आंधळ्या आईबापांना कावडीत बसवून तीर्थयात्रेला नेलं. निराधार म्हाताऱ्यांना दरमहा पैसे देणाऱ्या आपल्या राज्याच्या योजनेचं नावच 'श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन'. २००७ चा आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा कायदाही मुलांकडं, नातवंडांकडं, आणि मूल नसेल तर वारसदार नातेवाइकांकडं बोट दाखवतो. तो आवश्यक आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण श्रावणबाळाची गोष्ट मुलगा कर्ता होण्याआधीपासून वाचून पाहा. ती दोघं आंधळी होती आणि रानात राहत होती. श्रावण लहान होता तेव्हा, तो पाण्याला जायचा तेव्हा, त्या दोघांचं कोण करत होतं? एकमेकांचं तीच करत असणार. ती गोष्ट कुणी सांगितली नाही. आज सेनगाव तालुक्यात श्रावण पुण्याच्या कंपनीत आहे, कावड दारात पडलेली आहे, आणि एका पारड्यातलं माणूस उतरून दुसरं पारडं खांद्यावर घ्यायला बघतंय.

बायकोनं नवऱ्याचं केल्याची गोष्ट पुराणात नाही असं नाही. मार्कंडेय पुराणात कौशिक नावाच्या कुष्ठरोगी नवऱ्याला खांद्यावर वाहून नेणारी पतिव्रता आहे. तोही तिला कुठं न्यायला सांगतो, तर वेश्येकडं. ती नेते. वाटेत सुळावर चढवलेल्या मांडव्य ऋषींना त्याचा धक्का लागतो, ते शाप देतात की सूर्य उगवताच हा मरेल, आणि ती सूर्यच उगवू देत नाही. शेवटी अनसूया येऊन तिढा सोडवते. गोष्टीत अनसूयेचं नाव उरलं. वाहून नेणारीचं बहुतेकांना आठवत नाही. या गोष्टीनं पिढ्यान् पिढ्या बायकांना सांगितलं की नवरा कसाही असो, करायचं, आणि कुरकुर न करता करायचं. पण ज्यानं ती लिहिली तो अंथरुणाशी रात्र काढलेला नसावा. अशा बाईला सूर्य थांबवायचा नसतो, तो लवकर उगवावा एवढंच वाटत असतं.

महाभारतातली गांधारी या बाबतीत मला नेहमी कोड्यात टाकते. आंधळ्या नवऱ्याशी लग्न ठरलं म्हणून तिनं स्वतःच्या डोळ्यांवर पट्टी बांधली, आणि आपण तिला महासती म्हणतो. त्या घराला दोन डोळ्यांची गरज होती.

नवरा बायकोचं करतो तेव्हा गाव वेगळं वागतं. गोरेगावच्या पंचक्रोशीत असे पुरुष आहेत, थोडे आहेत, पण आहेत. संधिवातानं बोटं वाकडी झालेल्या बायकोच्या केसांना तेल लावून वेणी घालायला साठीनंतर शिकलेले एक गृहस्थ मला म्हणाले, "पहिले सहा महिने दार लावून घालायचो." बायकोचं लुगडं धुणारा माणूस पारावर चेष्टेचा विषय होतो, नाहीतर थेट देवमाणूस ठरतो. मधली, साध्या माणसाची जागा त्याला कुणी देत नाही. बाई करते ते कुणाच्या नजरेत येत नाही. पुरुष करतो त्याची बातमी होते. दोघांचंही नुकसान यातच आहे, कारण मदत मागायला साधी जागा लागते. देवाला मदत मागता येत नाही, आणि जिचं करणं दिसतच नाही तिनं कशाची मदत मागावी?

शरीर मात्र हिशेब ठेवत असतं. अमेरिकेत रिचर्ड शुल्झ आणि स्कॉट बीच यांनी ६६ ते ९६ वयाच्या नवरा-बायकोंचा चार वर्षं मागोवा घेतला. ज्यांना जोडीदाराचं करताना ताण जाणवत होता, त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण न करणाऱ्यांपेक्षा ६३ टक्क्यांनी जास्त निघालं. हे १९९९ मध्ये छापलं गेलं आणि पुढं कितीतरी भाषणांत वापरलं गेलं, बहुधा अर्धंच. कारण त्याच अभ्यासात असंही होतं की ज्यांना करूनही ताण वाटत नव्हता, त्यांच्यात तसा धोका वाढलेला दिसला नाही. आणि २०१३ मध्ये डेव्हिड रॉथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरच्यांचं करणाऱ्या हजारो माणसांची तुलना तशाच पण न करणाऱ्यांशी केली, तर करणाऱ्यांतच मृत्यूचं प्रमाण १८ टक्क्यांनी कमी आढळलं. म्हणजे करणं हे विष नाही. कुणाच्या तरी उपयोगी पडण्यानं माणूस जगतो, हे आपल्या आज्यांना कुणी सांगायला नको. घातक आहे ते एकट्यानं, झोपेशिवाय, रजेशिवाय करणं. अमेरिकेतल्या सरासऱ्या गोरेगावला जशाच्या तशा लावू नयेत हे मला कळतं. तिथल्या म्हाताऱ्या बाईला लाकूडफाटा आणावा लागत नाही. पण मला हा फरक इथंही, घरोघर दिसला. शेजारची सून दुपारी तासभर येऊन बसते त्या घरातली आजी आणि कुणीच फिरकत नाही त्या घरातली आजी, दोघींचा आजारी माणूस सारखाच असला, तरी चेहरे सारखे नसतात.

आणि ज्याचं केलं जातं, त्याचं काय? त्याला आपण पडून असलेला समजतो. तोही पडल्या पडल्या करत असतो. आबा संध्याकाळी सहानंतर पाणी पीत नसत. रात्री उठवायला नको म्हणून. आजींना हे कळायला दोन महिने लागले. त्या पाणी द्यायच्या, ते तोंड घट्ट मिटायचे, त्यांना वाटायचं हट्ट आहे. मग लघवीला जळजळ, ताप, मलावरोध, दवाखाना, सलाईन, आणि जो त्रास वाचवायचा होता त्याच्या दहापट त्रास. बायकोवरचं ओझं कमी करायला म्हातारा माणूस स्वतःला उपाशी, तहानलेला ठेवतो, हे मी एवढ्या घरांत पाहिलं की या पुस्तिकेत पाण्याचं पान पहिलं ठेवा असा आग्रह मी धरला. पुस्तिका करणाऱ्यांनी तो मानला. अपंग माणसाचं बरं वाटणं आणि करणाऱ्या माणसाचं बरं वाटणं ही दोन खाती नाहीत, हे मला कुठल्याही शोधनिबंधापेक्षा त्या मिटलेल्या ओठांनी जास्त समजावलं.

महाराष्ट्रात या नात्याचं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे बाबा आमटे आणि साधनाताई. पाठीच्या कण्याच्या दुखण्यानं बाबांना बसता येत नसे. कित्येक वर्षं एकतर उभं राहायचं, नाहीतर आडवं पडायचं. १९८५ चं भारत जोडो अभियानही त्यांनी बसमध्ये पडून केलं. साधनाताई सोबत होत्या. बाबा ९ फेब्रुवारी २००८ रोजी गेले, त्या ९ जुलै २०११ रोजी. 'समिधा' हे त्यांचं आत्मचरित्र आपल्याकडं आहे, म्हणजे करणाऱ्या बाईची बाजू निदान एकदा तरी तिच्याच हातून कागदावर आली. तरीही मी हे उदाहरण गोरेगावात सांगत नाही. आनंदवनात अनेक हात होते. इथं दोन आहेत, त्यातला एक गुडघ्यावर ठेवून उठावं लागतं.

पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळासारख्या गटांत आजारी माणसाला 'शुभार्थी' आणि त्याचं करणाऱ्याला 'शुभंकर' म्हणतात. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला तो शब्द जरा गोड वाटला. आता तसं वाटत नाही. ज्या कामाला नाव मिळतं, त्या कामाची बैठक भरते, सहल निघते, कुणी अनुभव लिहितं, दुसरा वाचतो. नुसत्या 'करते'ची बैठक कशी भरणार?

सरकारनं काही केलं नाही असं म्हणणं खोटं होईल. श्रावणबाळ आणि संजय गांधी निराधार योजनेतले दरमहा १००० रुपये २०२३ मध्ये १५०० झाले, आणि अपंग लाभार्थ्यांना २५०० देण्याचा निर्णय सप्टेंबर २०२५ मध्ये झाला. २०२४ च्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ पुढच्यांना काठी, चष्मा, कमोड खुर्ची, कमरेचा पट्टा अशा वस्तूंसाठी एकदा ३००० रुपये मिळतात. एसटीत पंचाहत्तरीपुढं प्रवास फुकट, बायकांना अर्धं तिकीट, आणि तीव्र अपंगत्व असेल तर सोबतच्या माणसालाही सवलत. ही शेवटची सवलत मला फार आवडते. बाकी सगळी व्यवस्था एकेका माणसाला ओळखते, पण तिकीट फाडताना कंडक्टर जोडीला ओळखतो. अडचण एवढीच की एसटीच्या पायऱ्या चढून जाऊ शकेल असा माणूस अंथरुणाला खिळलेला नसतो. अपंगत्वाचा दाखला काढायचा तर गाडी करून जिल्ह्याला न्यावं लागतं, आणि त्या दिवशी गाडीचं भाडं, रोज बुडालेल्या नातेवाइकाची मजुरी आणि सगळ्यांचं खाणं मिळून महिन्याची पेन्शन संपते.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात काळजी घेणाऱ्या माणसाची व्याख्या आहे. पैसे घेऊन असो वा न घेता, आईवडील व घरची इतर माणसंही तिच्यात येतात. ज्यांना खूप आधार लागतो त्यांना काळजीवाहकासाठी भत्ता देण्याचीही तरतूद कलम २४ मध्ये आहे. केरळात 'आश्वासकिरणम' योजनेत अंथरुणाला खिळलेल्यांचं करणाऱ्यांना महिन्याला ६०० रुपये देतात. रक्कम लहान आहे, वेळेवर मिळत नाही अशी तक्रारही तिथं असते. पण ती करणाऱ्याच्या नावावर असते. मी पाहिलेल्या आज्यांपैकी एकीच्याही पासबुकात 'करण्या'चा असा पैसा दिसला नाही. बहुतेकींच्या पासबुकाला तर त्यांनी स्वतः कधी हात लावलेला नव्हता.

पुस्तिकेत जे नाही तेही सांगून टाकतो. मुलांना दोष देणारं एकही पान यात नाही. पुण्याच्या कंपनीतला मुलगा बारा तास उभा राहून काम करतो आणि महिन्याला पैसे पाठवतो. त्याला नालायक ठरवून आजीची पाठ हलकी होत नाही. औषधांची नावं नाहीत, ती डॉक्टरांनीच सांगायची. आणि 'पतिसेवा', 'पुण्य' हे शब्द नाहीत. ते काढायला सांगितले तेव्हा थोडा वाद झाला. एक जण म्हणाले, बायांना त्या शब्दांनी बळ येतं. येत असेल. पण त्याच शब्दांमुळं 'आज मला जमत नाही' असं म्हणायची त्यांना लाज वाटते. शेवटच्या पानावर ज्येष्ठांसाठीच्या मदतवाहिनीचा नंबर आहे, १४५६७. त्याखाली एक रिकामी ओळ आहे. तिथं शेजारच्या कुणाचं तरी नाव लिहायचं, दुपारी तासभर येऊन बसेल अशा माणसाचं. माझ्या मते पुस्तिकेतली सर्वांत कामाची ओळ तीच आहे, आणि ती आम्हाला लिहिता आली नाही.

त्या ओळीवर पहिलं नाव ज्यांनी लिहिलं त्या घुंगुरमाळेच्या घरच्या आजी. आषाढी झाली की पंढरपूरहून परतलेले वारकरी वद्य एकादशीला नर्सीला येतात, नामदेवांच्या जन्मगावी. आमच्याकडं त्याला परतवारी म्हणतात. आजी लग्न झाल्यापासून दरवर्षी जायच्या, आबांचं वारं गेल्यापासून चार वर्षं गेल्या नव्हत्या. यंदा शेजारची सून म्हणाली, मी बसते, तुम्ही जाऊन या. घुंगुरमाळेची भाषा तिला शिकवली, पाण्याचं बजावून सांगितलं आणि सकाळच्या गाडीनं आजी नर्सीला गेल्या. संध्याकाळी परत आल्यावर सगळ्यांनी विचारलं, दर्शन नीट झालं का, गर्दी किती होती.

दर्शन झालंच नव्हतं. रांग मोठी होती म्हणून त्या देवळाच्या भिंतीला टेकून जरा बसल्या, आणि उठल्या तेव्हा उन्हं कलली होती. सहा तास झोपल्या होत्या. हे सांगताना त्या थोड्या ओशाळल्या, मग बाजेकडं बघून म्हणाल्या, "नामदेवानं उठवलं नाही, चांगलं केलं." आबांनी माळ एकदा हलवली. आजी पाणी आणायला उठल्या.